व्हाइब पेडलची दुरुस्ती आणि मॉडिफिकेशन: छोट्या दुकानासाठी एक खास सेवा



गिटार पेडल रिपेअरिंगच्या व्हिडिओत वेळेअभावी बऱ्याच गोष्टी पटापट उरकाव्या लागल्या. त्या इथे नीट लिहून काढतोय. आज फक्त एकच पेडल घेऊया: व्हाइब. हेच का? कारण यात काही रुपयांचा एक छोटा बल्ब जातो आणि त्यामुळे ग्राहकाचं हजारो रुपयांचं पेडल मुकं होतं. ज्याला आतली रचना माहीत नाही तो सांगतो, "बोर्ड गेलाय, नवीन घ्या." ज्याला माहीत आहे तो तासा-दीड तासात ते चालू करून देतो. या दोघांमधला फरक म्हणजेच तुमचा धंदा.

हे पेडल आलं कुठून?

याचं मूळ नाव युनि-व्हाइब. जपानमधल्या शिन-एई कंपनीने १९६० च्या दशकाच्या शेवटी ते बनवलं आणि अमेरिकेत ते युनिव्हॉक्स नावाने विकलं गेलं. डिझाइन फुमियो मिएदा या इंजिनिअरचं. पुढे कॉर्ग कंपनीच्या सिंथेसायझरमध्येही त्यांचं मोठं काम आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेन्ड्रिक्सने हे पेडल वापरलं आणि गिटारवाल्यांच्या जगात त्याचं नाव झालं. नंतर पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर आणि रॉबिन ट्रॉवर यांच्या १९७३-७४ च्या रेकॉर्डवर तोच आवाज ऐकू येतो. गोल फिरणाऱ्या लेस्ली स्पीकरसारखा, पाण्यातून आल्यासारखा, हळूहळू धडधडणारा.

ही माहिती फक्त गप्पांसाठी नाही. तुमचा ग्राहक हाच आवाज डोक्यात घेऊन दुकानात येतो. "दादा, ती धडधड येत नाहीये" असं तो म्हणाला की त्याला नेमकं काय हवंय हे तुम्हाला कळलं पाहिजे.

आज बाजारात याच्या कितीतरी नकला आहेत. काहींमध्ये खरा बल्ब असतो, काहींमध्ये एलईडी, काही पूर्ण डिजिटल. हा लेख बल्ब आणि एलडीआरवाल्या पेडलबद्दल आहे. डिजिटल पेडलचं तंत्र वेगळं, त्याला हे नियम लावू नका.

आत नेमकं काय चालतं?

पेडल उघडलं की मध्ये एक छोटा बल्ब आणि त्याच्या चारही बाजूंना चार एलडीआर दिसतात. एलडीआर म्हणजे उजेड पडला की रेझिस्टन्स कमी होणारा पार्ट. रस्त्यावरचे दिवे अंधार पडला की आपोआप लागतात, त्यात जो असतो तोच प्रकार. या सगळ्यावर बहुतेक वेळा एक झाकण किंवा पत्र्याची डबी असते.

एक छोटं ऑसिलेटर सर्किट बल्बला कमी-जास्त करंट देतं, त्यामुळे बल्ब श्वास घेतल्यासारखा मंद-तेज होत राहतो. त्याबरोबर चारही एलडीआरचा रेझिस्टन्स वर-खाली होतो.

गिटारचा सिग्नल आधी प्रीअॅम्पमधून जातो आणि मग एकामागून एक चार टप्प्यांतून. प्रत्येक टप्प्यात ट्रान्झिस्टर सिग्नलच्या दोन उलट-सुलट प्रती करतो. एक प्रत कपॅसिटरमधून जाते, म्हणजे आपल्या बाजारातल्या भाषेत कंडेन्सरमधून. दुसरी एलडीआरमधून जाते आणि पुढे दोन्ही एकत्र येतात. त्यामुळे आवाजाची पातळी तीच राहते, पण त्याची लाट थोडी सरकते. किती सरकायची, हे एलडीआरवर पडणारा उजेड ठरवतो.

कोरस मोडमध्ये ही सरकलेली लाट मूळ सिग्नलमध्ये मिसळली जाते. काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खोडतात, काही वाढतात आणि ती खोडण्याची जागा सतत हलत राहते. व्हायब्रेटो मोडमध्ये मूळ सिग्नल मिसळत नाहीत, फक्त सरकलेली लाट बाहेर येते. म्हणून सूर डुलल्यासारखा वाटतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

पहिली, मूळ सर्किटमध्ये चारही टप्प्यांचे कंडेन्सर वेगवेगळे आहेत: ०.०१५ मायक्रोफॅरड, ०.२२ मायक्रोफॅरड, ४७० पिकोफॅरड आणि ०.००४७ मायक्रोफॅरड. नवीन माणसाला वाटतं की कोणीतरी चुकीचे लावलेत. तसं नाही. व्हाइबचा आवाज त्या वेगळेपणातच आहे. फेज ९० सारख्या साध्या फेझर पेडलमध्ये चारही टप्प्यांचे कंडेन्सर सारखे असतात. व्हाइबमध्ये ते 'सारखे' करायला गेलात तर व्हाइबचा फेझर होईल.

दुसरी, बल्बची तार तापायला आणि थंड व्हायला वेळ घेते. एलडीआरही उजेड गेल्यावर जरा रेंगाळतो. या दोघांच्या आळशीपणामुळे आवाजात हृदयाच्या ठोक्यासारखी लय येते. बल्बच्या जागी साधा एलईडी ठोकला तर तो लगेच पेटतो, लगेच विझतो आणि ती लय बदलते.

टेबलवर काय लागेल?

तापमान कमी-जास्त करता येणारी सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, डिजिटल मल्टीमीटर, कॉन्टॅक्ट क्लिनर स्प्रे, एक लहान प्रॅक्टिस अॅम्प आणि एक ऑडिओ प्रोब. हा प्रोब विकत आणायची गरज नाही. एका जॅक केबलच्या मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सिरीजमध्ये जोडा, कंडेन्सरचं दुसरं टोक म्हणजे तुमची सुई. केबलची बाहेरची जाळी पेडलच्या ग्राउंडला लावा आणि दुसरी बाजू अॅम्पमध्ये. अॅम्पचा आवाज अगदी कमी ठेवा. मोबाइलवरून हलक्या आवाजात गाणं पेडलमध्ये सोडा आणि सुईने एकेक टप्पा ऐकत जा. आवाज जिथे बंद पडतो, बिघाड त्याच्या आसपास आहे.

पार्ट्ससाठी पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. एलडीआर घेताना एक-दोन घेऊ नका, एकाच लॉटमधले वीस-पंचवीस घ्या. घरी एकाच बल्बसमोर, एकाच अंतरावर ठेवून मोजा आणि जवळच्या रीडिंगचे चार-चार वेगळे पाकिटात भरा. वर रीडिंग लिहा. हे अर्ध्या दिवसाचं काम तुम्हाला पुढे कितीतरी वेळ वाचवून देईल.

बिघाड शोधायचा क्रम

क्रम सोडून उड्या मारू नका. स्वस्त आणि साधी कारणं आधी.

१. पॉवर. पेडलवर लिहिलेलं व्होल्टेज आणि पोलॅरिटीचं चिन्ह वाचा. व्हाइब पेडल ९, १२ किंवा १८ व्होल्टचंही असू शकतं. गिटार पेडलमध्ये साधारणपणे अडॅप्टरची मधली पिन निगेटिव्ह असते. राउटर आणि सीसीटीव्हीचे अडॅप्टर बहुतेक मधली पिन पॉझिटिव्हवाले असतात. घरात सापडला तो अडॅप्टर लावला आणि पेडल गेलं, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी पॉवर जॅकजवळचा संरक्षण डायोड तपासा. तो पॉवरला समांतर लावलेला असेल, तर उलट सप्लायमध्ये स्वतः शॉर्ट होतो. मग बरोबर अडॅप्टर लावूनही पेडल उठत नाही. डायोड काही रुपयांचा असतो आणि अनेकदा तो बदलल्यावर काम होतं.

२. परदेशातून आणलेलं, थेट मेनवर चालणारं जुनं पेडल. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. कन्व्हर्टर पिन लावून थेट बोर्डात घातलं तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. योग्य स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय असं पेडल चालू करून बघायचं नाही. आणि मेन व्होल्टेजवर काम करायचं रीतसर शिक्षण नसेल तर असं पेडल उघडूच नका, जाणकाराकडे पाठवा. इथे प्रश्न पेडलचा नाही, तुमच्या जिवाचा आहे.

३. गिटारचा आवाज येतो, पण धडधड अजिबात नाही. बल्ब किंवा ऑसिलेटर. खोलीत अंधार करा, झाकणाच्या फटीतून बघा. बल्ब अजिबात दिसत नसेल तर पॉवर काढून, बल्बचा एक पाय मोकळा करून मल्टीमीटरवर कंटिन्युइटी बघा. तार तुटली असेल तर नवीन बल्ब, पण त्याच व्होल्टेज आणि त्याच करंटचा. "पेटला ना, झालं" असं चालत नाही. बल्ब एकसारखा पेटलेला असेल, मंद-तेज होत नसेल, तर बल्ब ठीक आहे आणि ऑसिलेटर अडकलाय. तिथले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, स्पीडचा डबल पॉट आणि बल्ब चालवणारा ट्रान्झिस्टर तपासा.

४. धडधड आहे, पण मरगळलेली. आधी झाकण जागेवर आहे का ते बघा. झाकण नसेल तर दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेड एलडीआरवर पडतो आणि इफेक्ट सपाट होतो. हे माहीत नसल्यामुळे लोक चांगले पार्ट बदलत बसतात. पेडलची शेवटची चाचणी नेहमी झाकण लावूनच करा. झाकण ठीक असेल तर बायस ट्रिमर. बल्ब सतत फार तेज राहिला तर एलडीआरला हालचालीला जागाच राहत नाही. फार मंद राहिला तर मध्येच इफेक्ट मेल्यासारखा वाटतो. ट्रिमर फिरवण्याआधी त्याची जुनी जागा मार्करने खूण करून ठेवा. मग इंटेन्सिटी पूर्ण ठेवून हळूहळू फिरवा आणि कानाने ठरवा.

५. एक एलडीआर खराब. धडधड राहते पण खोली कमी होते. पॉवर बंद, एक पाय मोकळा, मल्टीमीटर लावा. बोटाने झाकल्यावर रेझिस्टन्स खूप वाढला पाहिजे आणि उजेडात झपाट्याने उतरला पाहिजे. चौघांपैकी जो वेगळा वागतो तो तुमचा गुन्हेगार. जुना एलडीआर फोडू किंवा जाळू नका, त्यात कॅडमियम असतं. ई-कचऱ्याच्या डब्यात टाका.

६. घुरघुर आणि टिकटिक. घुरघुर असेल तर पॉवर सप्लायचे जुने फिल्टर कंडेन्सर बघा. नवीन लावताना व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि पोलॅरिटी दोनदा तपासा. धडधडीच्या तालावर टिकटिक येत असेल तर ऑसिलेटरचा आवाज ऑडिओत गळतोय. बल्बच्या तारा ऑडिओच्या तारांपासून लांब न्या, ग्राउंडचे जोड बघा.

७. खरखर. पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लिनर, दहा-बारा वेळा फिरवा. जॅक आणि फूटस्विचचे टाके पुन्हा सोल्डर करा. स्टेजवर लाथा खाणारी वस्तू आहे, जोड सैल होणारच.

मॉडिफिकेशन: काय करायचं, काय नाही

दुरुस्ती म्हणजे वस्तू होती तशी करणं. मॉडिफिकेशन म्हणजे ग्राहकाच्या आवडीप्रमाणे बदलणं. दोन्हींची जबाबदारी वेगळी, दरही वेगळा.

साधारण मागण्या अशा येतात:

बाहेरून बायस. आतला ट्रिमर बाहेर नॉब म्हणून काढायचा, म्हणजे ग्राहक धडधड स्वतः कमी-जास्त करू शकतो. कमी खर्चाचं आणि ग्राहकाला लगेच जाणवणारं काम.

वेग. ऑसिलेटरचे कंडेन्सर मोठे लावले की धडधड संथ होते, लहान लावले की जलद. जे लावाल ते टायमिंगच्या सगळ्या जागी एकाच प्रमाणात बदला.

ट्रू बायपास. थ्री पीडीटी फूटस्विच लावून पेडल बंद असताना सिग्नल थेट बाहेर. सोबत इंडिकेटर एलईडीही देता येतो.

आवाज कमी होतो ही तक्रार. काही व्हाइब पेडल चालू केल्यावर आवाज जरा बसतो. आधी हा बिघाड आहे की डिझाइन, ते ठरवा. मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा टोन सोडा, मोड व्हायब्रेटो, इंटेन्सिटी शून्य, पेडलचा व्हॉल्यूम पूर्ण. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून बंद आणि चालू, दोन्ही रीडिंग लिहा. मोठी तफावत असेल तर प्रोबने टप्पे ऐका, एखादा टप्पा अर्धमेला असेल. सगळे टप्पे ठीक असतील तरच त्या मॉडेलचं सर्किट समोर ठेवून गेन वाढवायचा विचार करा.

आता मुख्य मुद्दा. समजा कोणी जुनं, खरं शिन-एईचं पेडल घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, यात दोन भोकं पाडून नॉब बसवा." काम सोपं आहे, पैसेही मिळतील. पण ते करू नका, निदान लगेच करू नका. जुन्या वस्तूची किंमत ती मूळ स्थितीत असण्यात असते आणि पत्र्याला पाडलेलं भोक परत बुजत नाही. ग्राहकाला हे स्पष्ट सांगा. नॉब हवाच असेल तर नवीन नकलेवर करून द्या. पंधराशे रुपयांचं काम त्या दिवशी हातातून जाईल. पण "याने माझी वस्तू वाचवली" हे तो माणूस चार ठिकाणी सांगेल.

माझा नियम साधा आहे: परत मागे घेता येईल असा बदल तोंडी परवानगीवर, मागे घेता न येणारा बदल लेखी परवानगीवर, आणि जुन्या मूळ पेडलला शक्यतो दुरुस्तीच.

दर कसा काढायचा?

इथे बरेच जण मार खातात. "बल्ब ६० रुपयांचा, वर १०० मेहनत, द्या १६०." मग महिनाअखेरीस दुकानभाडं खिशातून.

एक उदाहरण धरूया, आकडे तुमचे तुम्ही टाका. दुकानाचा स्थिर खर्च महिना १२,००० रुपये. तुम्हाला घरी न्यायचेत २०,०००. टेबलवर प्रत्यक्ष कामाचे तास, चहा, ग्राहक, पार्ट्स आणायची धावपळ वजा करून, महिन्याला ८०. म्हणजे ३२,००० भागिले ८० = तासाला ४०० रुपये. बल्बच्या कामाला तपासणी धरून दीड तास लागला तर ६००. पार्ट ६०. झाले ६६०. परत तक्रार आली तर फुकट करून द्यावं लागतं, त्यासाठी १० टक्के, म्हणजे ६६. एकूण ७२६. ग्राहकाला ७५० सांगा.

ग्राहक म्हणेल, "बल्ब तर ६० चा!" शांतपणे सांगा, "हो, बल्ब ६० चाच आहे. बल्बच गेलाय हे शोधायचे आणि नीट बसवून बायस लावून द्यायचे बाकीचे." बिलावर पार्ट आणि मजुरी वेगळी दाखवा. लपवलं की संशय येतो, दाखवलं की विश्वास बसतो.

तपासणी फी वेगळी ठेवा आणि काम झालं तर ती बिलातून वजा करा. नाहीतर दहा जण फुकट निदान करून घेतील आणि काम दुसरीकडे देतील.

पेडल ताब्यात घेताना

एका पानाचा फॉर्म छापून घ्या. त्यात हे असू द्या: ग्राहकाचं नाव, मॉडेल आणि सिरीयल नंबर, सोबत दिलेला अडॅप्टर, आधीचे ओरखडे, आधी कोणी उघडलंय का, तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत, खर्चाची कमाल मर्यादा आणि सही. उघडण्याआधी चार फोटो, उघडल्यावर चार. शक्य असेल तर ग्राहकासमोर एकदा वाजवून घ्या, म्हणजे "आधी हे चालत होतं" हा वादच राहत नाही.

काढलेले जुने पार्ट छोट्या पाकिटात घालून परत द्या. खर्च शून्य. पण तुम्ही खरंच पार्ट बदललाय याचा पुरावा ग्राहकाच्या हातात जातो.

हा धंदा कोणासाठी?

स्पष्ट सांगतो, फक्त व्हाइब पेडलवर दुकान चालणार नाही. अशी पेडल कमी जणांकडे असतात. पण ज्याला व्हाइब जमतं त्याला ओव्हरड्राइव्ह, डिले, वाह, कीबोर्डचा अडॅप्टर, लहान मिक्सर हे सगळं जमतं, कारण तपासायचा क्रम तोच आहे. कॉलेजचे बँड, ऑर्केस्ट्रावाले, चर्चमध्ये वाजवणारे, गोव्यातले हॉटेलांत वाजवणारे कलाकार, या सगळ्यांना कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भरवशाचा माणूस लागतो. मोबाइल किंवा टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आधीच असेल तर अवजारं बरीचशी तुमच्याकडे आहेतच. ही त्यावर एक जोड सेवा होऊ शकते.

म्हणून या आठवड्यात इतकंच करा. एक जुनं, बंद पडलेलं स्वस्त पेडल विकत घ्या. ऑडिओ प्रोब बनवा. एलडीआरची पाकिटं तयार करा. फॉर्म छापा. आणि तुमचा तासाचा दर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ग्राहकाचं पेडल हातात घ्यायच्या आधी हे पाच झाले पाहिजेत.

पुढच्या भागात रिपेअरिंगच्या दुकानात पार्ट्सचा स्टॉक किती ठेवायचा आणि त्यात पैसा अडकू कसा द्यायचा नाही, हे बघूया. तोपर्यंत शिकत राहा, कमवत राहा.